भांडायला शिकावं ते कोरियन चित्रकारांकडून

मे २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू बिनालेने, म्हणजे तिथे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाने, नुकताच सुरू केलेला एक पुरस्कार महिन्याभरात मोडीत काढला. पुरस्कार लहानसहान नव्हता. पार्क सो-बो हे कोरियातले अत्यंत मान्यवर चित्रकार. वय तेव्हा ९१. त्यांनी यासाठी १० लाख डॉलर दिले होते. दर खेपेला एका कलाकाराला १ लाख डॉलर मिळणार होते आणि ही व्यवस्था २०४२ पर्यंत चालणार होती. एप्रिलच्या सुरुवातीला, उद्‌घाटनाच्या समारंभात, पहिला पुरस्कार ओम जोंग-सुन या चित्रकर्तीला दिला गेला आणि त्याच वेळी कलाकारांनी निषेधाचे फलक झळकवले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ही बिनाले १९८० साली लष्कराने मारलेल्या नागरिकांच्या स्मृतीतून उभी राहिली आहे. ज्या माणसाने १९६० च्या विद्यार्थ्यांच्या क्रांतीपासून लष्करी राजवट संपेपर्यंत तोंड उघडलं नाही, त्याच्या नावाचा पुरस्कार या गावात नको.

मला विचाराल तर पुरस्कार रद्द झाला ते बरंच झालं. आणि पार्क यांची चित्रं मला मनापासून आवडतात, हेही त्याच दमात सांगते. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी वाटू शकतात, हे मी कोरियात शिकले.

मी चित्रकार म्हणून कुणी मोठी नाही. सांगलीत मुलांना मुद्राचित्रण शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. लिनो कापायचा, प्लायवूड कोरायचं, शाईचा रोलर फिरवायचा, प्रेस मिळाली नाही तर चमच्याच्या पाठीने कागद घासून ठसा काढायचा. मुलगा नोकरीनिमित्त सुवोनला असतो, म्हणून कोरियाला जाणं होतं. इथे परत आले की लोक मालिकांविषयी विचारतात, गाण्यांविषयी विचारतात, चेहऱ्याला लावायच्या क्रीमविषयी तर हमखास विचारतात. चित्रांचा विषय निघालाच तर प्रश्न एकच असतो: ‘तिकडे सरकार कलेला पैसे किती देतं हो?’

देतं. भरपूर देतं. राष्ट्रीय आधुनिक व समकालीन कला संग्रहालयाच्या चार इमारती आहेत: ग्वाचोनला, सोलमध्ये दोन आणि चोंगजूला. १०,००० चौरस मीटरपेक्षा मोठी इमारत बांधायची तर बांधकामाच्या खर्चातला ठरावीक हिस्सा कलाकृतींसाठी काढावाच लागतो. चित्रांवर मूल्यवर्धित कर नाही आणि हयात कोरियन कलाकाराचं चित्र विकलं तर नफ्यावर कर नाही. लंडनच्या फ्रीझ कला मेळाव्याने २०२२ मध्ये सोलमध्ये पाय रोवले, त्यामागे या सवलतींचाही हात आहे. सॅमसंगचे ली कुन-ही वारल्यावर त्यांच्या कुटुंबाने २०२१ मध्ये २३,००० हून अधिक वस्तू आणि चित्रं देशाला दिली, तेव्हा त्यांच्यासाठीचं संग्रहालय आपल्याच गावात व्हावं म्हणून गावोगावच्या नगरपालिकांनी एकमेकांशी उभा दावा मांडला. आपल्याकडे धरणाच्या पाण्यावरून जसे जिल्हे भांडतात, तसे तिथे चित्रांवरून भांडले.

पण कोरियन कलेची ताकद या पैशात आहे, असं मानणाऱ्यांशी माझं जमत नाही. पैसा दुबईतही आहे. कोरियात चित्रावरून माणसं तुरुंगात गेली, सरकारी अधिकारी तुरुंगात गेले, संग्रहालयं तोंडघशी पडली, प्रदर्शनाच्या प्रमुखांनी राजीनामे दिले. चित्र ही इतकी गंभीर गोष्ट आहे की तिच्यासाठी भांडावं, हे तिथे चाळीसेक वर्षं सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. ही सवय सरकारी अनुदानाने लागत नाही.

ती लागली कशी, ते पाहायला ग्वांगजूलाच जावं लागतं. सोलहून वेगवान रेल्वेने दोन तासांच्या आत पोचता येतं. १९८० चे मृत जिथे पुरले गेले त्या मांगवोल-डोंगच्या स्मशानभूमीत मी जायचं म्हटलं, तेव्हा मुलगा म्हणाला, “आई, सुट्टीत लोक जेजू बेटावर जातात. तू स्मशान बघायला निघालीस!” पण गेल्याशिवाय तिथली चित्रं कळत नाहीत.

१८ मे १९८० रोजी जनरल चुन दू-ह्वानच्या लष्करी कायद्याविरुद्ध इथले विद्यार्थी रस्त्यावर आले. छत्रीधारी सैनिकांनी त्यांना रस्त्यात गाठून मारलं, तेव्हा टॅक्सीवाले, बाजारातल्या बायका, कामगार, सगळं शहरच उठलं. काही दिवस सैन्याला शहराबाहेर काढून लोकांनी स्वतःचा कारभार चालवला. २७ मेच्या पहाटे रणगाडे परत आले आणि प्रांताच्या कचेरीत थांबलेल्या शेवटच्या तरुणांना गोळ्या घातल्या गेल्या. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. जे घडलं ते छापायची सोय नव्हती.

म्हणून लाकूड कोरलं गेलं. त्या उठावात स्वतः असलेला होंग सोंग-दाम हा चित्रकार पुढची काही वर्षं मे महिन्याची चित्रं लाकडात कोरत राहिला. त्या मालिकेत ५० ठसे आहेत. भाताचे गोळे वाटणाऱ्या बाजारातल्या बायका, बंदुका घेतलेले साधे नागरिक आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क हसू. मी ते ठसे जवळून पाहिले तेव्हा शिक्षिकेची सवय म्हणून आधी पातं कुठून फिरलंय ते पाहिलं. घाईचे कट आहेत. कडा गुळगुळीत केलेल्या नाहीत. तळहात अंगाच्या मानाने मोठे आहेत. एका ठशातून शंभर कागद काढता येतात, ते घडी करून खिशात घालता येतात आणि पोलिसांनी पन्नास जप्त केले तरी पन्नास उरतात. तैलचित्राला हे जमत नाही.

याच होंगने आणि त्याच्या सोबत्यांनी १९८३ मध्ये ग्वांगजूच्या कॅथलिक केंद्रात नागरिकांची कलाशाळा काढली. ज्यांनी कधी ब्रश धरला नव्हता अशा लोकांच्या हातात कोरणी दिली. माझ्यासारखीला या शाळेचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. सातवीतल्या पोराच्या हातात पहिल्यांदा व्ही-आकाराचं पातं दिलं की तो आधी बोट कापून घेतो आणि मग स्वतःच्या घराचं चित्र कोरतो. त्याला परिप्रेक्ष्य शिकवायला वर्ष लागेल. ठसा एका दुपारी निघतो. ज्यांच्याकडे सांगायला काही आहे आणि वेळ नाही, त्यांचं हे माध्यम आहे.

त्याच काळात सोलमध्ये ‘वास्तव आणि उच्चार’ नावाचा गट उभा राहिला होता. १९७९ मध्ये तो स्थापन झाला, तेव्हा त्यात चित्रकारांच्या बरोबरीने सोंग वान-ग्योंग यांच्यासारखे समीक्षकही होते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. समीक्षक बाहेर खुर्ची टाकून बसले नव्हते. १९८० च्या ऑक्टोबरात त्यांचं पहिलं प्रदर्शन भरायचं होतं तेव्हा सरकारी कलादालनाने ऐनवेळी माघार घेतली आणि दिवे बंद केले. लोकांनी मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रं पाहिली. पुढच्याच महिन्यात तोंगसानबांग या खासगी दालनात ते पुन्हा भरलं. या गटातला ओ युन हा माझ्या मते आशियातल्या सर्वोत्तम वूडकट कलाकारांपैकी एक. १९८६ मध्ये त्याचं पहिलं एकल प्रदर्शन झालं आणि काही आठवड्यांत, वयाच्या चाळिशीत, तो गेला. अशा चित्रांना पुढे ‘मिनजुंग’, म्हणजे लोकांची कला, असं नाव पडलं.

आता दुसरी बाजू. हे सगळं धुमसत असताना काही चित्रकार एकाच रंगात, बहुतेक पांढऱ्या किंवा मातकट, चित्रं काढत होते. १९७५ मध्ये टोकियोच्या एका दालनात पाच कोरियन चित्रकारांच्या पांढऱ्या चित्रांचं प्रदर्शन झालं, तिथून या शैलीला ओळख मिळाली. समीक्षक युन जिन-सोप यांनी २०१२ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयात मोठं प्रदर्शन मांडलं आणि ‘दानसेक्ह्वा’ हे तिचं नाव जगभर गेलं. मग परदेशी दालनं आली, लिलाव आले, किमती चढत्या राहिल्या. पार्क सो-बो या शैलीचे अग्रणी.

त्यांच्या ‘एक्रित्युर’ मालिकेची गोष्ट कोरियात सगळ्यांना ठाऊक आहे. लहान मुलगा चौकटीच्या वहीत अक्षर बसवायला धडपडत होता, जमेना तेव्हा चिडून त्याने रेघोट्या ओढल्या. पार्क यांनी तो हात उचलला. कॅनव्हासवर पांढरट रंग ओला असतानाच त्यात पेन्सिलीने रेघा, त्यावर पुन्हा रंग, पुन्हा रेघा. समोर उभं राहिलं की आधी काहीच दिसत नाही. दोन मिनिटांनी रेघेचा वेग दिसायला लागतो, मनगट कुठे थकलं तेही दिसतं. मला अशा चित्रासमोरून हलवत नाही. हाताने काम करणाऱ्या कुणालाही हलवणार नाही.

पण ते चित्र १९७० च्या दशकातलं असेल, तर शेजारची तारीख वाचल्यावर अंगावर काटा येतो. १९७२ मध्ये पार्क चुंग-ही याने राज्यघटना बदलून स्वतःला जवळपास तहहयात राष्ट्राध्यक्ष करून घेतलं होतं. विद्यार्थ्यांचा छळ होत होता. आणि कॅनव्हासवर पांढऱ्यात पांढरं चाललं होतं. या चित्रकारांची बाजू घेणारे म्हणतात, सत्तेने मागितलेली देशभक्तीची चित्रं न काढता रेघा ओढत बसणं, हाच त्यांचा नकार होता. विरोधक म्हणतात, नकार ज्याला ऐकूच गेला नाही तो नकार कसला? सत्तेला या चित्रांचा कधी त्रास झाला नाही, त्यांच्यासाठी कुठल्या दालनाचे दिवे गेले नाहीत.

माझा कल विरोधकांकडे आहे, तरी त्यांनी या शैलीतल्या सगळ्यांना एका गोणीत भरलं तर मी त्यांच्याशीही भांडेन. कारण युन ह्योंग-गुन. हा माणूस कोरियन युद्धात मारला जाता जाता वाचला. १९७३ मध्ये तो ज्या शाळेत शिकवत होता, तिथे गुप्तचर खात्याच्या प्रमुखाशी संबंधित एका मुलीला नियम डावलून प्रवेश दिला गेला. त्याने प्रश्न विचारला आणि त्याला साम्यवादविरोधी कायद्याखाली आत टाकलं. पुरावा म्हणून त्याची टोपी दाखवण्यात आली. ती म्हणे लेनिनच्या टोपीसारखी होती. बाहेर आल्यावर त्याने उजळ रंग सोडले. मातकट तपकिरी आणि गडद निळा एकत्र करून, टर्पेंटाइनने पातळ करून, कच्च्या कापडावर उभे काळे खांब. ग्वांगजूची बातमी कळल्यावर जून १९८० मध्ये काढलेल्या चित्रात ते खांब कलले आहेत, एकमेकांवर कोसळताहेत आणि रंग ओघळतो आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस तो पॅरिसला निघून गेला. चित्रात ना सैनिक आहे ना प्रेत. तरीही ते गप्प आहे असं कोण म्हणेल?

माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या मुलींना युन ठाऊक आहे, याचं मला आधी नवल वाटलं. बीटीएस या कोरियन पॉप गटातल्या आरएमने २०२२ मध्ये आपल्या ‘इंडिगो’ या अल्बमची सुरुवातच त्याच्या नावाच्या गाण्याने केली आहे. मुलींना गाणं पाठ आहे. टोपीची गोष्ट सांगितल्यावर मात्र त्यांचे डोळे मोठे झाले. गाण्यातून चित्रापर्यंत पोचलेल्या मुलींना चित्रातून तुरुंगापर्यंत नेणं हे शिक्षकांचं आणि समीक्षकांचं काम आहे.

सत्तेशी झालेल्या भांडणांत मला सर्वांत जिव्हारी लागतं ते शिन हाक-चुलच्या चित्राचं. १९८७ चं ‘भातलावणी’. खालच्या बाजूला शेतकरी चिखलातून कोका-कोला, रणगाडे, परदेशी पुढारी असा सगळा कचरा समुद्रात लोटतोय. वर पेक्तू पर्वताच्या पायथ्याशी पीक कापून लोक आनंदात बसलेत. १९८९ मध्ये शिनला अटक झाली. सरकारी वकिलांचा दावा असा, की वरचा सुखी भाग म्हणजे उत्तर कोरिया, खालचा घाणेरडा भाग म्हणजे दक्षिण, म्हणून हे शत्रूचं गुणगान. खालच्या दोन न्यायालयांनी शिनला सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये तो निकाल फिरवला आणि १९९९ मध्ये शिक्षा व जप्ती कायम झाली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २००४ मध्ये चित्र परत करा असं सांगितलं. सरकारने केलं नाही. ते तैलचित्र वर्षानुवर्षं सरकारी वकिलांच्या कचेरीतल्या मुद्देमालाच्या खोलीत घडी घालून पडलं होतं. ज्याने कधी कॅनव्हास ताणलाय त्याला ‘घडी घालून’ हे दोन शब्द पुरे आहेत. रंग घडीवर तडकतो, आणि तडकला की तो पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही. २०१८ मध्ये ते राष्ट्रीय संग्रहालयाच्या हवाली झालं. चित्रकाराच्या हाती मात्र ते आलं नाही. योगायोग असा, की या संग्रहालयाची सोलमधली एक इमारत उभी आहे ती जागा एकेकाळी लष्कराच्या गुप्तचर विभागाची होती, आणि चुन दू-ह्वान त्याच विभागाचा प्रमुख असताना १९७९ मध्ये सत्तेवर चालून गेला होता.

लोकशाही आल्यावर हे सगळं संपलं असेल, असं वाटणाऱ्यांसाठी २०१४ ची गोष्ट. ग्वांगजू बिनालेला वीस वर्षं होत आल्याचं खास प्रदर्शन होतं. त्या एप्रिलमध्ये सेवोल नावाची फेरी बुडून ३०४ जण गेले होते, त्यातली बहुतेक शाळकरी मुलं. होंग सोंग-दामने भलंमोठं चित्र केलं: १९८० च्या मे महिन्यातले नागरिक आणि भात वाटणाऱ्या बायका बुडालेलं जहाज हातांनी उचलून धरताहेत आणि मुलं जिवंत बाहेर येताहेत. कोपऱ्यात तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष पार्क गुन-हे बुजगावण्याच्या रूपात, आणि दोऱ्या हलवायला मागे त्यांचे वडील, तेच पार्क चुंग-ही. शहराच्या प्रशासनाने चित्र लावायला नकार दिला. होंगने राष्ट्राध्यक्षांच्या जागी कोंबडी चिकटवली. तरी नकार. प्रमुख संयोजक युन बम-मो यांनी राजीनामा दिला, मग बिनालेच्या अध्यक्षांनी पद सोडलं, इतर कलाकार आपली चित्रं उतरवायला लागले. शेवटी होंगने चित्र मागे घेतलं. दोन वर्षांनी महापौरांनीच सांगितलं, की सांस्कृतिक खात्याच्या उपमंत्र्यांचा फोन आला होता. त्याच सुमारास ९,४७३ कलाकारांची काळी यादी उघडकीस आली. राष्ट्राध्यक्षांचे माजी सचिव आणि सांस्कृतिक मंत्री, दोघांनाही त्या यादीपायी तुरुंग पाहावा लागला. २०१७ च्या वसंतात ते चित्र ग्वांगजूच्या संग्रहालयात लागलं, कोंबडीशिवाय. आणि राजीनामा दिलेले युन बम-मो २०१९ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक झाले.

भांडण नेहमी राजकारणाचंच असतं असं नाही. १९९१ मध्ये चोन ग्योंग-जा या थोर चित्रकर्तीने राष्ट्रीय संग्रहालयातलं आपल्या नावावरचं ‘सुंदर स्त्री’ हे चित्र आपलं नाही असं जाहीर केलं. संग्रहालय म्हणालं, तुमचंच आहे. बाईंनी चित्रकलाच सोडल्याचं जाहीर केलं. त्या २०१५ मध्ये वारल्या, पुढच्या वर्षी सरकारी वकिलांनी चित्र अस्सल ठरवलं आणि फ्रान्सच्या तज्ज्ञांनी नेमकं उलटं सांगितलं. त्याच २०१६ मध्ये पोलिसांनी चित्रकार ली उफान यांच्या नावावरची १३ चित्रं बनावट म्हणून पकडली, बनावट करणाऱ्याने कबुलीही दिली, आणि ली म्हणाले, ही सगळी माझीच आहेत! एकीकडे बाई नाही म्हणत असताना संस्था हो म्हणते, दुसरीकडे बुवा हो म्हणत असताना पोलीस नाही म्हणतात. हसू येतं खरं. पण तिथल्या वर्तमानपत्रांनी दोन्ही प्रकरणं पहिल्या पानावर चालवली. रंगद्रव्याची तपासणी कशी होते, चौकटीचे खिळे किती जुने, हे सामान्य वाचकाला समजावून सांगितलं. समीक्षा म्हणजे फक्त भावार्थ नसतो, खिळेही असतात.

आता भांडणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावते. मिनजुंगवाल्यांची ‘लोक’ ही कल्पना बराच काळ पुरुषांची होती. चित्रात आई म्हणजे देश, आई म्हणजे माती. चित्र काढणारी आई मात्र त्यांना दिसायची नाही. १९८६ मध्ये किम इन-सुन, किम जिन-सुक आणि युन सोक-नाम यांनी मिळून वेगळं प्रदर्शन केलं ते त्यामुळेच. युन सोक-नाम चाळिशीला आल्यावर चित्रं काढायला लागल्या, टाकाऊ लाकडांवर आईचे चेहरे रंगवले, आणि पुढे सोडून दिलेल्या १,०२५ कुत्र्यांना सांभाळणाऱ्या एका बाईंवरून लाकडाची १,०२५ कुत्री केली. क्रांतीच्या भिंतीवर अशा कामाला जागा मिळायला वेळ लागला.

आणि पुरस्काराच्या गदारोळात ओम जोंग-सुन यांचे हत्ती हरवले, ही माझी खरी तक्रार. ओम दृष्टिहीन मुलांबरोबर गेली कित्येक वर्षं काम करतात. मुलांनी हाताने चाचपून हत्ती जसा जाणला, तसे मोठाले हत्ती त्यांनी केले होते, सोंड नसलेले, लोकरीच्या कापडाचे. संग्रहालयात सगळीकडे ‘हात लावू नका’ असतं. इथे हात लावा असं सांगितलेलं. मी लावला. शेजारी एक मुलगा हत्तीच्या पोटाला गाल लावून उभा होता. त्या हत्तींबद्दल जितकं लिहिलं जायला हवं होतं त्याच्या दसपट त्या पुरस्काराच्या नावाबद्दल लिहिलं गेलं. भांडणाची ही किंमत आहे आणि ती कलाकाराला मोजावी लागते. तरीही मी निकाल बदलणार नाही. पुरस्काराचं नाव हा चित्राचा भाग नसतो, तो संस्थेच्या चारित्र्याचा भाग असतो. पार्क यांचं चित्र संग्रहालयात जरूर लावा, शेजारी होंगचा ठसा लावा, मध्ये युनचे कलते खांब लावा. पण मारले गेलेल्यांच्या नावाने भरणाऱ्या प्रदर्शनात कुणाच्या नावाने गौरव करायचा, हे त्या मृतांच्या गावालाच ठरवू द्या.

कुणी म्हणेल, त्यांचं गाव, त्यांचे मृत, आपल्याला काय त्याचं? संबंध आहे. २००८ च्या ग्वांगजू बिनालेत ओक्वुई एन्वेझोर यांच्याबरोबर संयोजक होते ते मुंबईचे कवी-समीक्षक रणजित होस्कोटे. २०१२ ची बिनाले आशियातल्या सहा संयोजक स्त्रियांनी मिळून केली, त्यांत मुंबईच्या नॅन्सी अडजानिया होत्या. कोरियाच्या किमसूजाने २००७-०८ मध्ये मुंबईच्या धुण्यांवर आणि लोकलच्या गर्दीवर चार पडद्यांची व्हिडिओकृती केली. म्हणजे आपले समीक्षक तिथे जाऊन मांडणी करतात, त्यांचे कलाकार आपल्या दोरीवरचे कपडे पाहून जातात. आपल्या मराठी पानांवर यातलं किती आलं?

आपल्याकडे चांगले चित्रकार आहेत, दालनं आहेत, पाहणारेही आहेत. वानवा आहे ती लिहून भांडणाऱ्यांची. प्रदर्शनाच्या बातमीत उद्‌घाटक कोण, समई कुणी लावली आणि चित्रं ‘रसिकांना अंतर्मुख करणारी’ आहेत, एवढंच असतं. त्यातलं शेवटचं वाक्य बहुतेक वेळा माहितीपत्रकातून जसंच्या तसं उचललेलं. चित्रकाराला ते आवडतं, दालनाला ते सोयीचं असतं आणि वाचक ते वाचत नाही. ज्या चित्राविषयी कुणीच वाईट बोलू शकत नाही, त्याविषयी कुणी मनापासून चांगलंही बोलत नसतं.

म्हणून संपादकांना माझी विनंती आहे. महिन्यातून एक तरी परीक्षण असं छापा, ज्यात ‘हे मला पटलं नाही’ असं नाव घेऊन म्हटलेलं असेल आणि का पटलं नाही याची कारणं असतील. आणि वाचकांनो, असं परीक्षण आलं तर ते प्रदर्शन बघायला जा. मग समीक्षक चुकला असं वाटलं तर खुशाल पत्र लिहा, माझ्याही विरुद्ध लिहा.